रीतसर, सनदशीर, राजरोस

'आम्ही सगळं रीतसर केलंय,' असं परळच्या चाळीतला भाडेकरू सांगतो, तेव्हा तो कायद्याबद्दल बोलत असतोच असं नाही. त्यानं अर्ज दिलेला असतो, पोच घेतलेली असते. मालकाच्या मेहताजीला तो भेटलेला असतो, चार वडीलधाऱ्यांच्या देखत पैसे मोजलेले असतात आणि पावतीवर नाव चढवून घेतलेलं असतं. यातलं किती कायद्यात बसतं, हा त्याच्या लेखी वेगळा प्रश्न. तीच गोष्ट वकील सांगतो तेव्हा 'कायदेशीररीत्या' म्हणतो. पुढारी 'सनदशीर मार्गाने' म्हणतो, महापालिकेचं पत्र 'नियमानुसार' म्हणतं आणि मंडळाची निमंत्रणपत्रिका 'विधिवत' म्हणते. शब्दकोशात हे सगळे एका ओळीत समानार्थी म्हणून बसवलेले सापडतात. गिरगाव ते लालबाग या पट्ट्याच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मात्र हेच शब्द वेळोवेळी एकमेकांच्या विरोधात उभे राहिले. कारण प्रत्येकाच्या पाठीशी वेगळी सत्ता आहे. रीत समाजाची, कायदा सरकारचा, सनद राज्यकर्त्यानं लिहून दिलेल्या हक्काची, विधी शास्त्राचा आणि नियम कचेरीचा.

आधी थोडं व्याकरण. 'कायदेशीर' हे मुळात विशेषण. त्याला 'पणे' लावून 'कायदेशीरपणे' होतं, पण बोलताना ते कुणी फारसं वापरत नाही. बोलणारा माणूस तृतीयेवर भागवतो: कायद्यानं बंदी आहे, कायद्यानं हक्क मिळतो, कायद्यानं वाग. किंवा सरळ विशेषण वापरून मोकळा होतो: 'हे कायदेशीर नाही.' वर्तमानपत्रांत 'कायदेशीररीत्या' रुळला आहे आणि तो बरा आहे, पण बहुतेक वेळा तिथे 'रीतसर' किंवा 'कायद्यानं' यांपैकी एक शब्द जास्त नेमका बसला असता. 'रीतसर'ला प्रत्यय लागत नाही. तो विशेषणही होतो आणि क्रियाविशेषणही. रीतसर परवानगी, रीतसर पास काढणं, मुलीला रीतसर मागणी घालणं. शेवटच्या उदाहरणात कायद्याचा संबंधच नाही, तरी 'रीतसर' शब्दाला तिथेच सर्वांत जास्त वजन आहे. 'रीतसर गंडवलं' असंही आपण म्हणतो आणि त्यात उपरोध असतो, म्हणजे फसवणुकीतसुद्धा एकही पायरी गाळली नाही. 'कायदेशीर गंडवलं' म्हटलं तर अर्थ बदलतो आणि माणूस वकिलाकडे बघायला लागतो.

रीतसर आणि कायदेशीर यांतली फारकत बघायची तर पागडीची खोली बघावी. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली ती 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला. त्याच कायद्याच्या 18 व्या कलमानं घरमालकानं भाड्याखेरीज वर रक्कम घेणं हा गुन्हा ठरवला, आणि 19 व्या कलमानं जागा सोडण्याबद्दल भाडेकरूनं पैसे घ्यायलाही मनाई केली. म्हणजे पागडी दोन्ही हातांना बंद. तरीही पुढची पन्नासेक वर्षं गिरगावातल्या, परळ-लालबागच्या आणि दादरच्या जुन्या इमारतींतल्या खोल्या हातोहात फिरल्या त्या पागडीवरच. खोली विकणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रक्कम घेई, त्यातला ठरलेला हिस्सा मालकाला देई आणि मालक नव्या नावानं भाडेपावती फाडून देई. रक्कम पावतीवर दिसत नसे. पावतीवर दिसे ते महिन्याचं काही रुपयांचं भाडं, खोली नंबर, मजला आणि नाव. त्या कागदाच्या जोरावर मुलांचे शाळेचे दाखले झाले, रेशनकार्डं झाली, लग्नं जमली. 'स्वतःची जागा आहे का?' या प्रश्नाला 'पागडीची आहे' हे पुरेसं आणि प्रतिष्ठेचं उत्तर होतं.

हा व्यवहार बेकायदा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याला रीत होती, आणि रीत मोडणाऱ्याला वाडीत तोंड दाखवायला जागा उरत नसे. पैसे घेऊन पावती न बदलणारा मालक 'लबाड' ठरे. पागडी घेणारा मालक लबाड ठरत नसे. न्यायालयांनाही हे कळत होतं. गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य झाल्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1997 साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या 56 व्या कलमानं पागडी देणं-घेणं कायद्यात आणलं. 55 व्या कलमानं भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगितलं आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू काय म्हणतो ते आधी धरायचं, उलट सिद्ध करायचं ते मालकानं. रीतीपुढे कायद्यानं मान तुकवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, ज्याला आपण 'स्मॉल कॉज' म्हणतो, आजही जे दावे चालतात त्यांतल्या बऱ्याच दाव्यांचा गाभा हाच असतो: रीतसर होतं ते कायदेशीर होतं का.

'सनदशीर' हा शब्द मात्र राजकारणातून आला. सनद म्हणजे राजानं दिलेला लेखी हक्क, वतनाची सनद, इनामाची सनद. काँग्रेसमधल्या नेमस्तांनी आपल्या चळवळीला 'सनदशीर' म्हटलं आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तिचा अर्थ नीट मांडला. अर्ज, निवेदनं, लोकमत तयार करणं आणि राज्यकर्त्यांकडूनच बदल घडवून आणणं. टिळकांनी 'केसरी'तून या शब्दाला हात घातला. त्यांचा मुद्दा वकिली होता आणि बिनतोड होता. इंग्लंडातल्या लोकांना सनद आहे, म्हणून तिथे सनदशीर चळवळ या शब्दांना अर्थ आहे. इथल्या लोकांना सनद दिलीय कुणी? मग विचारायचं ते इतकंच, की अमुक कृत्य कायद्यात बसतं का, आणि कायद्यात बसत नसेल तर ते नीतीला धरून आहे का. 1908 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्यांतल्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. तो संप ना सनदशीर होता ना रीतसर. त्याला परवानगी द्यायला किंवा नाकारायला तेव्हा यंत्रणाच नव्हती.

शब्दांची खरी कसोटी महाडला लागली आणि त्याची एक तार दादरशी जोडलेली आहे. दादर पश्चिमेला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्या सीताराम केशव बोल्यांनी 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी खर्चानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेनं त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे 20 मार्च 1927 रोजी परळच्या बीआयटी चाळीत राहणारे आणि दामोदर हॉलजवळच्या कचेरीतून काम पाहणारे डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, ते पूर्ण कायदेशीर कृत्य होतं. ते रीतीविरुद्ध होतं, आणि मार खावा लागला तो रीत मोडल्याबद्दल. रीतसर आणि कायदेशीर इतके समोरासमोर कधी आले नसतील.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी लोक जमले, तोवर विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आणला होता. लोक तळ्याकडे जायला तयार होते. आंबेडकरांनी हुकूम मोडू दिला नाही. मनुस्मृती जाळली ती 25 डिसेंबरला, आणि तळ्याचा प्रश्न कोर्टात लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला तो 17 मार्च 1937 रोजी, दहा वर्षांनी. हे ध्यानात ठेवलं म्हणजे 25 नोव्हेंबर 1949 च्या त्यांच्या संविधान सभेतल्या भाषणाचा रोख कळतो. सनदशीर मार्ग खुले झाल्यावर कायदेभंग आणि सत्याग्रह मागे ठेवले पाहिजेत, असं त्यांनी तिथे बजावलं. टिळकांनी विचारलेल्या 'सनद कुठे आहे?' या प्रश्नाला उत्तर मिळालं ते त्या आठवड्यात. आज 'सनदशीर' म्हणजे 'संविधानाच्या मार्गाने' असा अर्थ रूढ आहे. जुना, इनामाच्या सनदेचा अर्थ इतिहासाच्या पुस्तकांत राहिला. तरी निवडणुकीच्या भाषणांत 'सनदशीर मार्गाने आंदोलन करू' हे वाक्य ऐकलं, की त्यात नेमस्तांचा अर्ज-विनंतीचा सूर अजून थोडा लागतोच.

मध्ये 1930 येतं. गिरगाव चौपाटीवर मीठ तयार झालं आणि 'कायदेभंग' हा जोडशब्द घरोघरी गेला. त्याआधी 'सविनय' लावायचं भान त्या पिढीला होतं. आपण ते गाळलं.

लालबाग-परळचा शब्द 'बेकायदा' आहे. मराठीत 'बेकायदा' आणि 'बेकायदेशीर' दोन्ही चालतात, पण गिरणगावात बेकायदा संप म्हटलं की पोटात गोळा येई, कारण त्याचा अर्थ नोकरी जाणं असा होता. संपावर कायद्याची चौकट घालणारं औद्योगिक तंटा विधेयक 1938 साली आलं तेव्हा आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप झाला. संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, असा आंबेडकरांचा कायदेमंडळातला युक्तिवाद होता. विधेयक तरीही मंजूर झालं. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं ती चौकट आणखी घट्ट केली. एका उद्योगाला एका भागात एकच प्रातिनिधिक युनियन, बोलणी करण्याचा हक्क तिचाच, आणि संपाआधी बदलाची नोटीस, समेटाची पायरी, मुदत. कापड गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार 'मान्यताप्राप्त' हा शब्द उच्चारताना ओठ वाकडे करत ते यामुळे.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं याबरोबर एक मागणी होती तो 1946 चा कायदाच रद्द करण्याची. म्हणजे ज्या कायद्यानं संप बेकायदा ठरत होता, तो कायदा हटवण्यासाठीच संप. कायद्याच्या नजरेनं पाहिलं, तर सामंतांच्या युनियनला मालकांशी बोलण्याचाही अधिकार नव्हता. कामगारांच्या नजरेनं पाहिलं, तर आपण गेटवर सभा घेतली, हात वर केले, बहुमत दाखवलं, याहून रीतसर आणखी काय असतं? दोघंही आपापल्या शब्दाशी प्रामाणिक होते आणि वर्ष उलटून गेलं तरी तोडगा निघाला नाही. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. 'रीतसर' या शब्दाचा इतका कडवट उपयोग माझ्या माहितीत दुसरा नाही.

सरकारी मराठीकडे आता धावती नजर टाकू, कारण तिचं दळण खूप दळून झालंय. शिवकालातल्या राजव्यवहारकोशानं फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण न्यायालयात टिकले ते फिर्याद, दावा, जामीन, वकील, अर्ज हेच. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धी चालवली आणि 'महापौर', 'दिनांक' असे शब्द रुजले. दादरला शिवाजी पार्कावर सावरकर सदन आणि जुना महापौर बंगला एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, ही गंमत भाषावाल्यांनी एकदा पाहून घ्यावी. 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झालं, मग पदनाम कोश आला. त्याला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटल्याचं अजून सांगतात. राजभाषा अधिनियम 1964 चा. या साऱ्या खटाटोपातून 'विधिसंमत', 'विहित नमुन्यात', 'नियमांच्या अधीन राहून' असे प्रयोग आले. त्यांतला 'विहित' मला आवडतो. कायद्यानं ठरवून दिलेलं, एवढा अर्थ तो तीन अक्षरांत सांगतो आणि 'विहित मुदतीत' म्हटल्यावर अर्जदाराला काय ते कळतं. 'विधी' हा शब्द मात्र फसला. शासनाच्या लेखी 'विधी व न्याय विभाग', लोकांच्या लेखी लग्नविधी आणि अंत्यविधी. त्यामुळे 'विधिवत' हा शब्द कायद्याच्या कामाला लावायचा सरकारनं कितीही प्रयत्न केला तरी तो पुन्हा पूजेच्या पाटावर जाऊन बसतो.

गणेशोत्सवात हे दोन्ही अर्थ एकाच मंडपात राहतात. केशवजी नाईक चाळीचा उत्सव 1893 पासूनचा, लालबागच्या राजाचा 1934 पासूनचा. मूर्तीची प्रतिष्ठापना विधिवत होते आणि मंडपाला परवानगी रीतसर घ्यावी लागते: महापालिका, स्थानिक पोलीस, वाहतूक पोलीस. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, आणि वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. मंडळाच्या कार्यकर्त्याला ही कलमं पाठ असतात. 'आज बाराची परमिशन आहे' हे वाक्य तो ज्या ठसक्यात म्हणतो त्यात कायदा, रीत आणि थोडी मिरवणूक एकत्र असते. 'परमिशन' या शब्दाला तिथे मराठी प्रतिशब्द शोधू नये. कुणी वापरणार नाही.

आता विरुद्धार्थी शब्द. शाळेत 'कायदेशीर x बेकायदेशीर' लिहून गुण मिळतात. मुंबईच्या बोलीत खरी जोडी रीतसर आणि राजरोस अशी आहे. बेकायदा काम लपूनही होतं, उघडही होतं. लपून होतं त्याला 'चोरून', उघड होतं त्याला 'राजरोस'. राजरोस म्हणताना बोलणाऱ्याचा राग करणाऱ्यावर कमी आणि बघत बसणाऱ्या यंत्रणेवर जास्त असतो. वरळी मटक्याचे आकडे गिरणगावात राजरोस फिरत, जुगारबंदीचा कायदा 1887 पासून असूनही. दादर स्टेशनाबाहेरचे फेरीवाले 'राजरोस बसतात' अशी तक्रार होते. पण 2014 चा फेरीवाला कायदा आधी सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र सांगतो आणि मगच हटवणं, म्हणून तिथे 'अनधिकृत' हा शब्दही जपून वापरायला हवा. ज्याला अर्ज करूनही कागद मिळालेला नाही त्याला अनधिकृत म्हणायचं की प्रलंबित, हा शब्दाचा प्रश्न आहे आणि पोटाचाही.

राजरोस आणि रीतसर यांच्या मध्ये मुंबईनं एक तिसरी जागा काढली आहे, परमिट रूम. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याकडे परवाना हवा. कायदा आजही आहे, परवान्याची तरतूदही आहे. बंदी सैल झाली तेव्हा परवानाधारकांनी बसून पिण्याची जागा म्हणून 'परमिट रूम' निघाल्या आणि पाटीवर ते नाव राहिलं. लालबाग नाक्याजवळच्या कुठल्याही अशा खोलीत शिरताना तुम्हाला परवाना विचारला जाईल, अशी धास्ती कुणाला नसते. पाटी कायद्याची साक्ष देते, आतला व्यवहार रीतीवर चालतो. या एका शब्दात मुंबईचं कायदेपालन जेवढं आहे तेवढं कुठल्या प्रबंधात नसेल.

शेवटचा वाक्प्रचार 'कायद्यात बसवणं'. 'कायद्यानं वागणं' आणि 'कायद्यात बसवणं' यांत फरक असा की पहिल्यात माणूस वळतो, दुसऱ्यात कायदा. गिरण्यांच्या जमिनी हे याचं मोठं उदाहरण. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाचं सूत्र साधं होतं. गिरणीची जमीन विकासाला काढली की साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. 2001 साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची ठरली. ज्या गिरणीत शेड, गोदामं, खाती उभी आहेत तिथे मोकळं असं किती उरतं? दीड-दोन शब्दांच्या बदलानं शहराचा वाटा आटला. उच्च न्यायालयानं 2005 साली हे अडवलं, सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2006 मध्ये मालकांच्या बाजूनं निकाल दिला. त्याआधीच, जुलै 2005 मध्ये, दादरची कोहिनूर मिल क्रमांक 3 ही 421 कोटी रुपयांना विकली गेली होती. यातलं काहीही बेकायदा म्हणता येत नाही. सर्व कायद्यात बसवलेलं होतं, आणि गिरणगावातला माणूस हे वाक्य म्हणताना 'बसवलेलं'वर जोर देतो.

म्हाडाच्या वाट्याला जी जमीन आली तिच्यावर गिरणी कामगारांसाठी घरं बांधली गेली आणि 2012 साली सोडत निघाली. अर्ज आलेले दीड लाखाच्या आसपास, घरं काही हजार. पात्रतेची अट आहे 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असण्याची. संप सुरू झाला त्याच्या सतरा दिवस आधीची ही तारीख. त्यामुळे बेकायदा संपात भाग घेतला म्हणून ज्यांना कामावरून काढलं, तेही या यादीत पात्र ठरतात. पुरावा म्हणून मागतात ते गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, रजेचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड. ज्याच्या घरच्या ट्रंकेत यांतला एखादा कागद राहिला, तो वारस रीतसर अर्ज करू शकला.